गोठ्यातले अठरा पूर्वज

९ फेब्रुवारी

गाय बाहेर, यंत्रं आत! झालं एकदाचं. अपा दिवसभर तोंड फुगवून — "माझ्या गायीनं काय घोडं मारलं होतं तुमचं?" गाय काही रस्त्यावर नाही आली. शेजारच्या केनेश बाइकेंच्या, म्हणजे केनेशदादांच्या, गोठ्यात गेली, तिथं तिला सोबतही आहे. पण अपा पडल्या सासूबाई, त्यांना हे सांगणार कोण? सून? मग सूर्य पश्चिमेलाच उगवायचा!

सासरे मात्र खूश. अताके जन्मभर पॉलिटेक्निकात संगणक शिकवत होते, निवृत्त झाल्यापासून हात नुसते शिवशिवत होते. बंद पडलेल्या गेम-क्लबातली ही जुनी यंत्रं, म्हणजे संगणकच, त्यांनीच हुडकून आणली. निम्म्यांची बटणं गायब, एकाच्या पोटात च्युइंगगम. अशी अठरा. आणि त्यांच्यावर हुकूम सोडायला माझ्या टेबलावरचं एक. गोठा निवडला तो थंडीसाठी. बिश्केकच्या फेब्रुवारीत यंत्र तापायची काय बिशाद!

आता खरं ते लिहिते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. माझ्या नवऱ्याला, एर्मेकला, मी जाऊ देणार नाही. रशियात, नोव्होसिबिर्स्कला, चुलतभावानं त्याच्यासाठी गोदामात काम बघून ठेवलंय, नौरुझ, वसंतातलं नवं वर्ष, झाला की निघायचं म्हणे. या गल्लीतले निम्मे नवरे तिकडेच आहेत, बायका फोनशी संसार करतात. लग्नाला वर्ष नाही झालं आमच्या. मला नाही करायचा फोनशी संसार! वीस मार्चला सीमेपलीकडे अल्माटीच्या मुलांच्या वाहिनीला आमची फिल्म दाखवायची आहे. आवडली तर तेरा भागांची मालिका, म्हणजे एर्मेकला घरबसल्या काम.

फिल्म वेळेत पुरी व्हायला हवी, बस.

११ फेब्रुवारी

पहिलं चित्र आलं!! एर्मेकनं मला उचलून गरागरा फिरवलं. अपा आत आल्या. खाली ठेवलं.

१२ फेब्रुवारी

काल आनंदात नीट लिहिलंच नाही. फिल्म तशी लहान आहे. एका म्हाताऱ्याच्या डोक्यावरची पांढरी लोकरीची टोपी वाऱ्यानं उडते आणि डोंगर ओलांडत थेट इस्सिक-कुल तळ्यापर्यंत जाते. म्हातारा मागे मागे. चित्रं, हालचाल, गोष्ट, सगळं एर्मेकचं. फार गोड आहे. पण त्याला टोपीच सापडली! साधा चेंडू उडवला असता तर काय बिघडलं असतं? टोपीला केस, केसाला सावली, सावलीवर वारा. एकेका केसाचा उजेड यंत्रानं मोजायचा, तेव्हा कुठे एक चित्र. अशी हजारो चित्रं.

मोठ्या स्टुडिओतलं महागडं यंत्र हे एकटं करेल. आमच्या एकेका यंत्राच्या डोक्यात आख्खी टोपी मावतच नाही. म्हणून मी प्रत्येक चित्राचे अठरा वाटे करते, लग्नात मांसाचे करतात तसे. ज्यानं त्यानं आपल्या वाट्यातले केस रंगवायचे आणि तुकडा माझ्याकडे पाठवायचा. मी सगळे जोडते. अठरावा तुकडा आला की पुढचं चित्र. आख्खी गल्ली जमून एकाचं घर उभं करते, अशारला, तसंच हे. अताकेंनी गोठ्याच्या दारावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलंसुद्धा: अशार.

१४ फेब्रुवारी

अरे देवा! अताकेंनी यंत्रांचं बारसं केलं!

प्रत्येकावर चिठ्ठी. सात पिढ्यांचे बाप तर आलेच, शिवाय त्यांचे भाऊ, चुलते, आणि नारिन गावचे थोरले काका, अताकेंचे भाऊ, जे परवापरवा गेले. अठरा यंत्रं, अठरा वडीलधारे. "आपल्या माणसांची नावं असली की यंत्रंसुद्धा मन लावून काम करतात," इति अताके.

आणि मी? मी सून! सासरच्या थोरांचं नाव सुनेनं उच्चारायचं नाही. नावात जो शब्द असेल तो शब्दही नाही. लग्न झाल्यापासून मी किती साध्यासाध्या वस्तूंना वळसे घालून बोलते ते माझं मला ठाऊक. एर्मेक म्हणाला, "टाईप तर करायचंय, तोंडानं कुठं घ्यायचंय?"

मी म्हटलं, "बोटं काय माहेरी ठेवून आलेय?"

अपा पहिल्यांदाच माझ्या बाजूनं! "बोटांनी घेतलं काय, तोंडानं घेतलं काय. नाव ते नाव." मग त्याच सांगायला बसल्या, कुणाला काय म्हणायचं. त्यांनी तीस वर्षं हेच केलंय. ज्यांच्या नावात बें-बें करणारं जनावर आहे ते बें-बेंबाबा. रात्री डोंगरात ओरडणारं आहे ते हुहूबाबा. ज्यानं लाकडं फोडतात ते नावात असलेले धारबाबा. थोरले पणजोबा, त्यांच्या नावात रस्त्यात पडलेलं असतं आणि ठेच लागते ते आहे, ते कठीणबाबा. निम्मी नावं आज भरली. उरलेली उद्या, भाकरी भाजता भाजता त्या सांगतील.

१५ फेब्रुवारी

भरली सगळी नावं. आता मी हाक मारते माझ्या नावांनी, मागून यंत्र ओळखतं आपापला पत्ता. अपांनी तव्यावरून मान वर न करता सगळी सांगितली. काय स्मरणशक्ती आहे बाईची!

१८ फेब्रुवारी

वीज दोनदा गेली. दोनदा रडले. दुसऱ्यांदा जरा कमी.

२३ फेब्रुवारी

हिशेब जुळत नाही. अठरा जण राबतायत आणि वेग नऊ जणांचा! सतरा तुकडे कसे वेळेवर येतात. मग सगळे बसतात एकाची वाट बघत. आणि तो एक म्हणजे कायम कठीणबाबाच. एकाचं अडलं की अठरांचं अडलं, अशारमध्ये असंच असतं. या चालीनं फिल्म एप्रिलात पुरी होईल. एप्रिलात एर्मेक गोदामात खोकी उचलत असेल!

२५ फेब्रुवारी

कठीणबाबांचा पंखा बदलला. वायर बदलली. पोटातली धूळ काढली, "माफ करा हं" म्हणत. फरक शून्य.

२६ फेब्रुवारी

सापडला चोर! असं वाटलं. अपांनी कठीणबाबांच्या डोक्यावर पिठाचं पातेलं ठेवलं होतं, ऊब लागून फुगावं म्हणून, वर जाड गोधडी. मी जरा जास्तच बोलले. जरा नाही, बरंच. अपा पातेलं उचलून निघून गेल्या.

आणि वेग? तसूभरही वाढला नाही! मग गेले माफी मागायला, मान खाली घालून. त्या तळत होत्या. "बस," म्हणाल्या, आणि बशी पुढे ढकलली. बोरसोक, ते तळलेले पिठाचे गोळे, मात्र असे फुगले होते की विचारता सोय नाही. मी हावरटासारखे खाल्ले.

२ मार्च

एर्मेकनं जाड बूट आणले. "असू देत, इथंही लागतात." मार्चमध्ये? बर्फ वितळायला लागल्यावर?  चहा दिला तो पेला काठोकाठ भरून. भरलेला पेला म्हणजे "उठा आता, निघा"! इथलं शेंबडं पोरही ओळखतं. तो पेल्याकडे बघत राहिला, मग हसला, मग मी हसले, आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. काय करू? बूट आणले त्यानं!

५ मार्च

आजचं सविस्तर लिहिते.

सकाळी अताकेंचा पारा चढला. "महिना होत आला, एक यंत्र तुला हाकता येईना? कोणतं मंद आहे ते, नाव सांग!"

नाव सांग! मी हनुवटीनं दाखवलं, ते.

"ते म्हणजे कोण?"

"ते... ज्यांची ठेच लागते ते."

"पोरी, मी शास्त्राचा माणूस आहे. कोडी घालू नकोस!"

अपा दारातून कडाडल्या, "मग काय तुमच्या पणजोबांचं नाव घेऊ दे तिला? तेवढंच राहिलंय घराण्यात व्हायचं!"

अताकेंनी कोपऱ्यातली काठी उचलली. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. म्हणाले, "हजेरी घेऊ." मी माझ्या टेबलाशी बसायचं, ते काठी घेऊन गोठ्यात. ते चिठ्ठीवरचं खरं नाव घेणार, मी माझ्या नावानं त्याच यंत्राला हाक पाठवणार, ज्याचा दिवा लुकलुकेल तो हजर. मला ऐकू यावं म्हणून मधली खिडकी उघडी.

सुरू झालं. एकेक नाव खणखणीत. मी ऐकत होते, जीभ दाताखाली धरून. बें-बेंबाबा — "हजर!" हुहूबाबा — "हजर!" धारबाबा — "हजर, आणि धूळ साचलीय!" कठीणबाबा, थोरले पणजोबा — "हजर! यांना काय झालंय, चांगले ठणठणीत आहेत." अपाही कमरेवर हात ठेवून बघायला उभ्या राहिल्या. असं करत करत अताके दुसऱ्या टोकाला पोचले आणि त्यांनी आपल्या नारिनच्या थोरल्या भावाचं, म्हणजे थोरल्या काकांचं, नाव घेतलं. त्या नावात ज्याचा नाल करून घोड्याला ठोकतात ते आहे. मी हाक मारली. माझ्या वहिवाटीनं, अपांनी शिकवली तीच — कठीणबाबा.

"दिवा लागला नाही."

पुन्हा हाक. कठीणबाबा!

"अगं कुणाला हाक मारतेयस? मी इथं भावाजवळ उभा आहे, आणि ओ देतायत पलीकडून माझे पणजोबा!"

क्षणभर काही कळेना. मग असं कळलं की कानशिलं तापली. रस्त्यावरचं तेही कठीण आणि नालाचं तेही कठीण. दोन माणसं, दोन यंत्रं, नाव एकच! पहिलं चौदा तारखेला भरलं, दुसरं पंधराला, भाकरीच्या धुरात. मी हाक मारली की पहिले पणजोबाच ओ द्यायचे. दोघांचे वाटे तेच एकटे रंगवत होते, म्हातारे! आणि काका? काका अठरा दिवस रिकामे!

मी धावत गोठ्यात गेले, सांगितलं. अताकेंनी काकांच्या यंत्रावर काठी टेकवली. मग म्हणाले, "हा? हा अठरा दिवस गप्प बसला? जिवंत होता तेव्हा मिनिटभर कधी बसला नाही!" आणि गोठ्यातल्या गव्हाणीला धरून असे हसले असे हसले की ठसका लागला.

अपा कावऱ्याबावऱ्या. "मला काय ठाऊक! एक मी यायच्या आधीच गेलेले, दुसरे नारिनला. दोघं कधी एका दस्तरखानावर जेवायला बसले असते तर मी दोन नावं नसती केली?" बरोबरच आहे त्यांचं. तीस वर्षं कुणाचा घोटाळा झाला नाही. झाला तो मी दोघांना एका ओळीत बसवल्यावर.

काकांना नवं नाव द्यायचं ठरलं. मी म्हटलं, गंजबाबा. अपांनी पाठीत धपाटा घातला — "गंजेल तुझी जीभ!" नालबाबा ठरलं.

एर्मेक शहरातून आला तर आम्ही तिघं गोठ्यात बसून डोळे पुसतोय. त्याला वाटलं कुणी गेलं!

६ मार्च

धावतायत! नालबाबांनी असा जोर धरलाय की पणजोबांच्या आधी तुकडा येतो त्यांचा. अपा दारातून डोकावून म्हणाल्या, "बघा, लाजले असतील."

पण गेलेले दिवस काही परत येत नाहीत. आज नीट मांडून बघितलं. अठरा जण जिवाच्या आकांतानं पळाले तरी फिल्म वीसच्या पुढे जातेय. शेवटचा भाग राहतो, टोपी तळ्यावर उतरते तो. तोच नसेल तर मग दाखवायचं काय, म्हाताऱ्याची धावपळ? एर्मेकला सांगितलं. म्हणाला, "बघू." हा त्याचा "बघू" मला आवडत नाही. यात बूट दिसतात.

८ मार्च

महिला दिन. ट्यूलिप मिळाले, अपांनाही. मी जेवताना सहज विचारलं, गोठ्यात अठरा पूर्वज आहेत, त्यांत एकही बाई कशी नाही? अताकेंचा घास थांबला. "सात बाप पाठ असतात," म्हणाले, "आया... नाही बुवा कुणी पाठ करून घेतल्या." अपा मोठ्यानं हसल्या, एकट्याच.

१२ मार्च

अताके सकाळपासून गल्लीत दारोदार फिरतायत. काय चाललंय विचारलं तर म्हणतात, "दारावर काय लिहिलंय मी? ते उगाच?"

१४ मार्च

अशार! खराखुरा!

सकाळीच केनेश बाइके हातगाडी ढकलत आले, वर घरचा संगणक दोरीनं बांधलेला. "घर बांधताना लोक फावडं आणतात, मी हे आणलं. चालेल ना?" मग त्यांच्या मागं बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, कोपऱ्यावर केस कापतात त्या, आपलं गुलाबी यंत्र कडेवर लहान मुलासारखं घेऊन. मग रांगच लागली. कुणाचं नवं, कुणाचं झाकण उघडं पडलेलं. एक आजी टीव्ही घेऊन आल्या. "यातही चित्रंच दिसतात की." त्यांना परत कशा पाठवणार? टीव्ही खिडकीत ठेवला, आजींना गादीवर बसवलं आणि पहिला चहा त्यांना दिला.

वायर पुरेना. केनेश बाइके वेल्डिंगवाले, त्यांनी आपल्या कामाची जाडजूड वायर भिंतीवरून गोठ्यात आणली आणि गल्लीला दम भरला, "आज कुणी विजेची शेगडी लावली तर गाठ माझ्याशी आहे!" थंडीत कुडकुडायला नको म्हणून सगळी गल्ली आमच्याच घरात येऊन बसली.

आता नावं! अताके म्हणाले, ज्याचं यंत्र त्याचं नाव. आणि मला सुचलं, हे तर माझे सासरचे नव्हेत! यांची नावं मला घेता येतात! काय सांगू, केवढं बरं वाटलं. दारात उभी राहून ओरडले, "बुरुल! केनेश!" आतून केनेश बाइके, "काय गं? काय झालं?" — "तुम्ही नाही बाइके, तुमचं यंत्र!" अपांनी कपाळाला हात लावला. पण दटावलं नाही. उलट हळूच म्हणाल्या, बुरुलचं यंत्र पुढच्या रांगेत ठेव, बिचारी मागं का.

आता चित्राचे वाटे जास्त, नव्यांना जोर असेल तसा वाटा दिला. गुलाबी यंत्र तर नुसतं वारं! पण मी टेबल सोडू शकेना, आणि घरात वीसेक माणसं चहासाठी खोळंबलेली. सुनेनं नाही ओतला तर कोण ओतणार? बघते तर एर्मेक किटली घेऊन बसलाय, अर्धे अर्धे पेले भरतोय, सगळ्यांच्या हाती देतोय. बुरुल एजे ओरडल्या, "अगं, सून दाढीवाली आहे तुमची!" सगळे खो खो. एर्मेक लाल झाला, पण ओतत राहिला. मला तो त्या वेळी इतका आवडला.

१७ मार्च

शेवटचं चित्र. टोपी तळ्यावर. पाण्यात तिची सावली, एकेक केस हलतोय.

टीव्हीवाल्या आजींनी बघून विचारलं, "कुणी विणली गं ही?" मी म्हटलं, सगळ्यांनी.

१९ मार्च

एर्मेक पहाटे गेला अल्माटीला. डिस्क अपांनी लोकरीच्या पिशवीत शिवून दिली, वर आरशाचा तुकडा, दृष्ट लागू नये म्हणून. जाताना जुनेच बूट घातले होते. मी तेवढंच बघितलं.

२० मार्च

फोन नाही. अताके गोठ्यात जाऊन सगळ्या यंत्रांची धूळ पुसून आले. बंद आहेत ती, तरी. अपांनी मला तीनदा विचारलं भूक लागलीय का. नाही लागली. अपांनाही नाही. मग आम्ही दोघी पीठ मळत बसलो, कुणासाठी कोण जाणे.

२१ मार्च, नौरुझ

अंगणात सुमोलोकची, गव्हाच्या अंकुरांच्या खिरीची, कढई, गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं ढवळतायत. माझी पाळी होती तेव्हा फोन वाजला. डाव हातात धरूनच उचलला.

फिल्म आवडली! वाहिनीच्या साहेबांनी वाऱ्याचा भाग परत परत लावायला सांगितला. नौरुझला दाखवणारसुद्धा, आजच संध्याकाळी. मी ओरडणार एवढ्यात तो म्हणाला, "मालिका नाही." या वर्षी त्यांच्याकडे तेवढा पैसाच नाही. पुढच्या वर्षी विचारा. वर म्हणतो, "अजून एक बोलणं झालंय, घरी आलो की सांगतो." नको सांगूस! मला माहीत आहे काय सांगणार!

बायकांना वाटलं धुरानं डोळ्यांतून पाणी येतंय. अपांना नाही वाटलं. त्यांनी माझ्या हातातला डाव घेतला आणि माझी पाळी स्वतःच ढवळली. संध्याकाळी सगळ्या गल्लीनं आजींच्या टीव्हीवर टोपी बघितली. बुरुल एजे प्रत्येक झुळकेला म्हणत होत्या, "हा माझा भाग! हा माझ्या यंत्रानं केलेला!" मीही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला लिहू, मनापासून वाजवल्या. किती सुंदर आहे ती!

२३ मार्च

एर्मेक आला. मालिका नाही ती नाहीच. पण वाहिनीच्या तळघरात जुनी यंत्रं ढिगानं पडून आहेत. साहेब म्हणाले, "ज्यानं ही लोकर एवढ्या जणांत वाटली तो माणूस वर्षभरासाठी इथं अल्माटीला द्या." पगार सगळ्या घराला पुरून उरेल एवढा. आणि हा वेडा छाती फुगवून सांगून आलाय, "माणूस नाही, बायको आहे माझी!"

म्हणजे एर्मेक कुठंही जात नाही. आतल्या खोलीत बॅग भरतोय. माझी.